गोडाऊन भाडे कुणी कुणाला द्यायचे?

फर्निचरच्या दुकानात ॲडव्हान्स दिल्यावर हातात जो कागद पडतो त्याच्या पुढच्या बाजूला सोफ्याचा रंग, कपाटाची मापे आणि एकूण रक्कम असते. तारखेच्या जागी ‘अंदाजे ३० ते ४५ दिवस’ किंवा नुसतेच ‘दिवाळीपूर्वी’. मागच्या बाजूला बारीक टाइपात अटी असतात. त्यांतली एक साधारण अशी : माल तयार असल्याचे कळवल्यापासून अमुक दिवसांत न नेल्यास रोज इतके रुपये गोडाऊन भाडे पडेल, मालाच्या सुरक्षिततेची जबाबदारी आमच्यावर राहणार नाही. दुकानदाराचा उशीर ‘अंदाजे’ या एका शब्दात खपतो आणि गिऱ्हाइकाचा उशीर दिवसागणिक मोजला जातो. माझे म्हणणे एवढेच, की गोडाऊन भाडे मागणे गैर नाही, ते एकाच बाजूने मागणे गैर आहे. आणि हे सुधारायला फार मोठा नवा कायदा लागत नाही. आहेत ते कायदे दुकानाच्या काउंटरपर्यंत आणले तरी बरेच काम होईल.

कसबा बावड्यातून हा प्रश्न पाहिला की जास्त स्पष्ट दिसतो. बावडा कोल्हापूर महापालिकेत असला तरी इथल्या बऱ्याच घरांचा पैसा अजून उसाच्या हिशेबाने फिरतो. राजाराम कारखान्याचा हंगाम सुरू झाला, तोडी आल्या, बिल खात्यावर पडले, की मग घराचे काम, मग लग्न, मग फर्निचर. भगवा चौकापासून लाईन बाजारापर्यंत जुन्या घरांच्या मध्ये नव्या इमारती उठल्या आहेत आणि त्यांतल्या फ्लॅटमध्ये राहायला जाणारे लोक ताबा मिळायच्या आधीच पलंग-कपाट बुक करून बसलेले असतात. म्हणजे इथे फर्निचरची खरेदी दोन कारणांनी होते, लग्न आणि नवे घर. दोन्हींच्या तारखा खरेदीदाराच्या हातात पूर्ण नसतात. एक मुहूर्तावर ठरते, दुसरी बिल्डरवर.

उशिरालाही किंमत असते, ही गोष्ट उसाच्या गावाला शिकवायची गरज नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे कारखान्याने ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि त्याहून उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज द्यायचे असते. हे व्याज किती शेतकऱ्यांच्या हातात खरोखर पडले, हे विचारले तर वेगळाच लेख लिहावा लागेल. पण तत्त्व म्हणून ते कागदावर आहे, ते मोठ्याने लहानाला द्यायचे आहे, आणि त्यासाठी या जिल्ह्यात रस्त्यावर उतरलेली माणसे आहेत. तोच शेतकरी फर्निचरच्या दुकानात शिरला की मात्र उशिराचे पैसे फक्त त्याने द्यायचे असतात आणि तो निमूट सही करतो.

आधी दुकानदाराची बाजू. ती खोटी नाही. दसऱ्याला ऑफर लागते, गिऱ्हाईक पाच-दहा टक्के ॲडव्हान्स टाकून त्या दिवसाचा भाव बांधून घेते आणि माल तयार झाला की सांगते, ‘अजून पेंटिंग चाललंय, महिनाभर राहू द्या.’ महिन्याचे तीन महिने होतात. लहान दुकानदाराकडे जागा मोजकी. कोल्हापूरच्या पावसाळ्यात बंद गोडाऊनमध्ये कापडी सोफ्याला ओल धरते, प्लायला बुरशी येते. पुढच्या गिऱ्हाइकाचा माल ठेवायला जागा उरत नाही. टेम्पो दारात गेला आणि घराला कुलूप दिसले तर भाडे आणि हमाली दोनदा पडते. या सगळ्याचा खर्च कुणीतरी सोसायचा असतो. ज्याच्या ढिलाईने खर्च झाला त्याने तो सोसावा, यात कोणाला अन्याय वाटू नये.

कायद्यालाही वाटत नाही. १९३० च्या मालविक्री अधिनियमातले कलम ४४ नेमके याच प्रसंगासाठी आहे. विक्रेता माल द्यायला तयार आणि राजी आहे, त्याने खरेदीदाराला माल न्या म्हणून सांगितले आहे, आणि त्यानंतर वाजवी वेळ उलटूनही खरेदीदाराने माल नेला नाही, तर त्यामुळे झालेले नुकसान आणि माल सांभाळण्याचा वाजवी आकार खरेदीदाराने द्यायचा. गोडाऊन भाड्याचा सगळा कायदेशीर आधार एवढा आहे. पण या कलमातला एकेक शब्द दुकानातल्या व्यवहाराला लावून पाहिला की छापील अटींतल्या बऱ्याच गळून पडतात.

‘तयार’ म्हणजे काय? समजा बावड्यातल्या एका घरी मुलीच्या लग्नासाठी पलंग, कपाट आणि ड्रेसिंग टेबल असा संच सांगितला. पलंग आला, कपाटाचे आरसे मुंबईहून यायचे आहेत, आणि दुकानातून फोन येतो, ‘दादा, तुमचा माल आलाय, आठ दिवसांत न्या.’ इथे भाड्याची मुदत सुरूच होत नाही. त्याच कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे, तसे ठरले नसेल तर खरेदीदाराला माल हप्त्याहप्त्याने घेण्याची सक्ती नाही. अर्धा संच तयार म्हणजे संच तयार नव्हे. आणि कलम ३६ म्हणते की माल देण्याची तयारी वाजवी वेळी दाखवली पाहिजे. रात्री साडेनऊला टेम्पो दारात उभा करून ‘घेता की परत नेऊ?’ असे विचारणे या व्याख्येत बसत नाही.

याहून मूळचा एक प्रश्न कुणी विचारत नाही : भाडे नेमक्या कोणत्या मालाचे? ऑर्डरप्रमाणे बनवलेले कपाट असेल तर ते तुमचेच, दुसऱ्याला चालणार नाही. पण शोरूममधला तयार सोफा बुक केला, तर गोडाऊनमध्ये त्याच मॉडेलचे चार असतात. तुम्ही महिनाभर थांबलात, मधल्या काळात दुकानदाराने चारही विकले आणि तुमच्यासाठी कंपनीकडून पाचवा मागवला, असे होऊ शकते. यात चूक काही नाही, धंदा असाच चालतो. मात्र ज्या सोफ्यावर तुमच्या नावाची चिठ्ठी कधी लागलीच नाही, त्याच्या जागेचे भाडे तुमच्याकडून घेणे म्हणजे नसलेल्या गोष्टीचे बिल करणे होय. दुकानदाराने भाडे मागितले तर त्याने दाखवावे, की अमुक तारखेपासून अमुक नग तुमच्या नावाने बाजूला काढून ठेवला होता. एक फोटो पुरे. हल्ली टेम्पोवाला दारात पोचल्याचा फोटो पाठवतो, तर गोडाऊनवाल्याला तो जड जाऊ नये.

‘वाजवी’ या शब्दाची तर सर्रास पायमल्ली होते. समजा सोफा ८०,००० रुपयांचा आणि अट दिवसाला किमतीच्या एक टक्क्याची. म्हणजे रोज ८०० रुपये. आता तो सोफा आजूबाजूच्या मोकळ्या जागेसह ४० चौरस फूट अडवतो असे धरा, आणि गोडाऊनचा दर महिन्याला चौरस फुटामागे २० रुपये धरा. पूर्ण महिन्याचा जागेचा खर्च ८०० रुपये होतो. म्हणजे गिऱ्हाइकाकडून एका दिवसाला महिन्याचे भाडे. याला सांभाळण्याचा आकार म्हणता येत नाही, हा दंड झाला. आणि खासगी करारातल्या दंडाबद्दल १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७४ सांगते की करारात आकडा लिहिला म्हणून तो आपोआप मिळत नाही. तो वरची मर्यादा असतो आणि मिळते ती वाजवी भरपाई. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या प्रकरणात ते पक्के केले आहे. सोफ्याची किंमत आणि सोफ्याने अडवलेली जागा यांचा संबंधच काय? २०,००० चा सोफा आणि ८०,००० चा सोफा गोडाऊनमध्ये सारखीच जागा खातात. भाडे जागेवर हवे, किमतीवर नको.

त्या अटीचे शेपूट मात्र सगळ्यांत वाईट : ‘मालाच्या सुरक्षिततेची जबाबदारी आमच्यावर राहणार नाही.’ ज्या क्षणी विक्रेता सांभाळण्याचे पैसे घेतो त्या क्षणी तो दुसऱ्याची वस्तू सांभाळणारा होतो, आणि करार कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी त्याने घ्यायची असते. खरेदीदाराच्या दिरंगाईने डिलिव्हरी लांबली तर त्या दिरंगाईमुळे ओढवलेला धोका खरेदीदारावर येऊ शकतो, हे मालविक्री अधिनियमाचे कलम २६ मान्य करते. पण त्याच कलमात पुढे लिहिले आहे, की सांभाळणारा म्हणून विक्रेत्याची जी कर्तव्ये आहेत त्यांना याने बाध येत नाही. भाडे घ्यायचे आणि उंदराने गादी कुरतडली तर हात वर करायचे, असे दोन्ही एकत्र चालणार नाही. पैसे घ्या आणि सांभाळा, नाहीतर पैसे सोडा.

आणखी एक प्रकार चालतो. माल अडवून ठेवणे. ‘आधी गोडाऊन भाडे भरा, मग गाडी लावतो.’ किंमत पुरती मिळाली नसेल तोवर माल रोखण्याचा हक्क विक्रेत्याला आहे. पण तो हक्क किमतीपोटी आहे. पूर्ण किंमत चुकती केलेल्या माणसाचे कपाट भाड्याच्या वादासाठी ओलीस ठेवता येत नाही. भाड्याचा दावा असेल तर तो वेगळा करावा. लग्न चार दिवसांवर आले आहे हे ठाऊक असताना दुकानदार हा डाव टाकतो तेव्हा मुलीचा बाप भांडत बसत नाही, खिशात हात घालतो. या अटींची खरी ताकद अशा प्रसंगांत असते. कोर्टात त्या कितपत टिकतील, हा प्रश्न उपस्थितच होत नाही.

आता उलट बाजू, म्हणजे विक्रेत्याचा उशीर. तारीख ठरली नसेल तर वाजवी वेळेत माल पाठवायचा, एवढे मालविक्री अधिनियमाचे कलम ३६ सांगते. तारीख ठरली असेल आणि ती महत्त्वाची आहे हे दोघांना माहीत असेल, तर करार कायद्याचे कलम ५५ लागू होते : वेळ हाच कराराचा गाभा असेल तर उशीर झाल्यावर समोरच्याला करार रद्द करता येतो. लग्नाचे फर्निचर याचे सरळ उदाहरण आहे. पाठवणीच्या आधी मुलीच्या सासरी पलंग लागला पाहिजे, त्याच्यानंतर आलेल्या पलंगाला काय करायचे? मात्र ही गोष्ट ऑर्डरच्या कागदावर लिहिलेली असावी लागते. ‘लग्न अमुक तारखेला, माल त्याआधी पोचणे आवश्यक’ एवढी एक ओळ. तोंडी सांगितलेले दुकानदाराला डिलिव्हरीच्या दिवशी आठवत नाही.

मला या सगळ्यात जे हवे आहे त्याचे नमुने आपल्याच कायद्यात आहेत. मागे घरांच्या बाबतीत हेच रडगाणे होते. खरेदीदाराचा हप्ता चुकला तर १८ टक्के व्याज, बिल्डरने ताबा लांबवला तर त्याहून कितीतरी कमी. पायोनिअर अर्बन विरुद्ध गोविंदन राघवन या खटल्यात २०१९ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असाच करार होता, तिथे हे प्रमाण १८ आणि ९ टक्क्यांचे होते. न्यायालयाने म्हटले, की अशा एकतर्फी अटी करारात घालणे हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि खरेदीदाराला त्यांनी बांधता येणार नाही. रेरा कायद्याने तर हे आधीच सरळ व्याख्येतच घातले होते : चूक खरेदीदाराची असो की प्रवर्तकाची, व्याजाचा दर एकच. महाराष्ट्राच्या नियमांत तो स्टेट बँकेच्या सर्वोच्च सीमांत कर्जदरावर (एमसीएलआर) दोन टक्के असा बांधून दिला आहे. शिवाय भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून दोन महिन्यांत ताबा घ्यायचे बंधन खरेदीदारावरही आहे. कायद्याने दोघांनाही मुदत दिली आणि दोघांनाही दर लावला. घर ही आयुष्यातली सर्वांत मोठी खरेदी. तिला जे जमले ते तिच्यात ठेवायच्या कपाटाला का जमू नये?

ऑनलाइन खरेदीला काही अंशी जमलेही आहे. जुलै २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ग्राहकाने ऑर्डर रद्द केल्याचा आकार लावायचा असेल, तर कंपनीने एकतर्फी ऑर्डर रद्द केल्यावर तसाच आकार तिनेही सोसला पाहिजे. सांगितलेल्या वेळापत्रकापेक्षा माल उशिरा आला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही, दैवी आपत्तीचा अपवाद सोडून. डिलिव्हरीपासून हाताळणीपर्यंतचे सगळे आकार आधी दाखवावे लागतात. आता गंमत पाहा. बावड्यातल्या घरी बसून मोबाइलवर सोफा मागवला तर हे संरक्षण मिळते. तोच सोफा कोल्हापूरच्या राजारामपुरीत जाऊन, दुकानदाराच्या समोर बसून, चहा पिऊन घेतला तर त्या नियमांचा उपयोग नाही. ओळखीचा दुकानदार जास्त भरवशाचा, ही आपली समजूत आहे. बरेचदा ती खरीही असते. पण वाद झाला की ओळख संपते आणि छापील अट उरते.

छापील अटींचेही वेड फार जुने आहे. १९६० च्या दशकात मद्रास उच्च न्यायालयापुढे एका लाँड्रीचे प्रकरण आले होते. पावतीवर छापले होते, की कपडा हरवला तर बाजारभावाच्या १५ टक्केच मिळतील. न्यायालयाने ती अट सार्वजनिक हिताविरुद्ध ठरवून उडवली, कारण ती मान्य केली तर नवी साडी हरवल्याचे सांगून थोडक्यात खिशात घालायला लाँड्रीवाला मोकळा. फर्निचरच्या कागदामागची अट याच घराण्यातली आहे.

भाडे आकारण्याची चांगली रीत कशी असते, हे कोल्हापूरच्या व्यापाऱ्यांना मी सांगायला नको. शाहूपुरीच्या गूळबाजारातला माल पिढ्यान्‌पिढ्या रेल्वेने गेला. रेल्वेचे उशिराचे आकार, म्हणजे डॅमरेज आणि व्हार्फेज, सगळ्यांनी शिव्या देत भरले. पण त्याचे दर छापून जाहीर असतात, आधी काही तास मोफत मिळतात, ते संपल्यावरच आकार सुरू होतो आणि कारण पटले तर माफीचा अर्ज करता येतो. सरकारी यंत्रणेकडून जे मिळाले तेवढे तरी खासगी दुकानाने द्यावे, ही मागणी फार नाही.

बावड्याच्या बाबतीत एक अपवाद मात्र करारात ठळक लिहिला पाहिजे, तो म्हणजे पूर. पंचगंगेच्या पाण्याची पातळी सगळा जिल्हा ज्या राजाराम बंधाऱ्यावरून ऐकतो तो बंधारा इथेच आहे. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे शाळेतल्या पोराला पाठ असतात. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग दिवसेंदिवस बंद राहिला. बावड्याकडून शियेला जाणारा रस्ता तर पूर आला की लवकरच पाण्याखाली जातो. अशा वेळी शिरोलीच्या गोडाऊनमधला माल बावड्यात येणार कसा, आणि बावड्यातला माणूस तो आणायला जाणार कसा? अटींच्या कागदावर ‘नैसर्गिक आपत्ती’ हे शब्द असतात, पण ते विक्रेत्याच्या उशिरापुरते. गिऱ्हाइकाच्या दारात पाणी असले तरी भाड्याचे दिवस मोजले जातात.

यावर उपाय जागीच आहे. ‘आपत्ती’ कशाला म्हणायचे यावर वकिलांनी वाद घालण्यापेक्षा करारात लिहावे : राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ४३ फुटांना पोचली की डिलिव्हरीची मुदत आणि गोडाऊन भाडे दोन्ही थांबतील, आणि पाणी इशारा पातळीच्या खाली उतरल्यावर सात दिवसांनी पुन्हा सुरू होतील. जिल्हा प्रशासन पावसाळ्यात ही पातळी रोज जाहीर करते. ती कुणाला बदलता येत नाही, त्यावर कुणाचा अविश्वास नाही. हा आकडा विक्रेत्यालाही वाचवतो, कारण पुरात माल न पोचल्याबद्दल गिऱ्हाइकाने त्याच्यावर दावा लावायला नको. सांगली, मिरज, शिरोळमधल्या दुकानांनी आपापल्या पुलांचे आकडे घालावेत. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या व्यापाराला असा एक मोजका, स्थानिक निकष हवाच होता. तो विमा कंपन्यांनी किंवा सरकारने सुचवायची वाट कशाला पाहायची?

मोठ्या तारखांइतकाच छोट्या वेळांचा प्रश्न आहे. तो हसण्यावारी जातो. सकाळी फोन येतो, ‘मावशी, आज माल टाकायला येतोय, घरात कोण हाय न्हवं?’ किती वाजता, तर ‘येतो की दुपारपर्यंत.’ त्या एका वाक्यावर घरातले कोणीतरी अख्खा दिवस बांधले जाते. ती बहुतेक वेळा बाई असते. तिची शिफ्ट, तिचा शिवणवर्ग, तिचा रोजगार हिशेबात नसतो. संध्याकाळी कळते की ‘छोटा हत्ती’ टेम्पो गडहिंग्लजकडे गेला. उद्या बघू. याचे भाडे कुणी दिल्याचे ऐकले आहे? आणि तिने मात्र दुसऱ्या दिवशी ‘आज जमत नाही’ म्हटले तर फेरीचा आकार लागतो. कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेत याच्यावर कलम १७२२ आहे : २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या दुकानाने, ग्राहक घरी हजर असणे गरजेचे असेल तर, डिलिव्हरीसाठी चार तासांची खिडकी सांगायची आणि ती पाळली नाही तर ग्राहकाला लघुवाद न्यायालयात ६०० डॉलरपर्यंत भरपाई मागता येते. तिकडे राहणाऱ्या आपल्या लेकी-सुनांना हे साधे वाटते. इथे ते मागितले तर ‘अमेरिका लागून गेली काय’ असे ऐकावे लागेल. मला वाटते चार तास आपल्याकडेही शक्य आहेत. गाडीत जीपीएस आहे, चालकाच्या हातात फोन आहे. नाही ती फक्त गरज वाटणे.

डिलिव्हरीच्या वेळचे आणखी एक, थोडक्यात : माल खोलून पाहण्याआधी ‘माल सुस्थितीत मिळाला’ यावर सही करू नका. वस्तू तपासण्याची वाजवी संधी मागितल्यावर ती देणे मालविक्री अधिनियमाच्या कलम ४१ प्रमाणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. हमालांना घाई असते हे खरे, पण ती घाई त्यांच्या पगारावर अवलंबून आहे, तुमच्या हक्कावर नाही.

आता दाद कुठे मागायची. इथे कायद्याची एक खोड आहे आणि ती दुरुस्त व्हायला हवी. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला आणि २० जुलै २०२० पासून त्याचा नवा, २०१९ चा अवतार लागू झाला. या नव्या कायद्यात ‘अनुचित करार’ अशी स्वतंत्र संकल्पना प्रथमच आली. ग्राहकाच्या चुकीला नुकसानीच्या मानाने अतोनात दंड, किंवा त्याला तोट्यात ढकलणारा अवाजवी आकार, हे तिच्यात स्पष्ट लिहिले आहे. गोडाऊन भाड्याची ती अट यात चपखल बसते. पण अनुचित कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, ती थेट राज्य आयोगाकडे न्यावी लागते. सोफ्याच्या तीन दिवसांच्या भाड्याच्या २,४०० रुपयांसाठी राज्य आयोग! बिल्डरच्या करारांपुरता हा विचार समजू शकतो, पण बारीक टाइपातल्या अटी सर्वांत जास्त असतात त्या छोट्या खरेदीत, आणि तिथेच हे दार बंद आहे.

वाट नाही असे नाही. त्याच कायद्यात ‘निर्बंधक व्यापारी प्रथा’ ही दुसरी व्याख्या आहे. मालाच्या डिलिव्हरीच्या अटी अशा फिरवणे, की ग्राहकावर असमर्थनीय खर्च किंवा निर्बंध लादले जातील, असे तिचे शब्द जवळजवळ आहेत. ही तक्रार आणि सेवेतील त्रुटीची तक्रार जिल्हा आयोगात चालते. पायोनिअरच्या निकालाने एकतर्फी अट हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे, तोही आधार तिथे घेता येतो. वकिलांनी तक्रारीचा मजकूर लिहिताना ‘अनुचित करार’ या शब्दाच्या मोहात न पडता या व्याख्यांवर भर द्यावा. तीन महिन्यांत निकाल देण्याची मुदत कायद्यात असली तरी ती कितपत पाळली जाते हे ग्राहक आयोगाच्या पायऱ्या चढलेल्यांना विचारावे. पण मला तरी मूळ दुरुस्ती हवी आहे. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ मध्ये जिल्हा आयोगाला अनुचित करारांवरचा अधिकार, निदान पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी, दिला पाहिजे. खासदारांनी मागावे असे हे काम आहे. कोल्हापुरातल्या ग्राहक संघटनांनी ते खासदारांच्या दारात नेऊन ठेवावे. तोवर फर्निचर व्यापाऱ्यांच्या संघटनेने दसऱ्याआधी एक समान ऑर्डर फॉर्म तयार करावा. त्यावर डिलिव्हरीची पक्की तारीख असावी, माल पूर्ण तयार झाल्यापासून १५ दिवस मोफत असावेत, त्यानंतर जागेच्या मानाने भाडे असावे आणि विक्रेत्याचा उशीर झाल्यास त्याच दराने बिलातून वजावट असावी. जो दुकानदार हा फॉर्म काउंटरवर ठेवील त्याच्याकडे बावडा आपण होऊन जाईल, असे मी पैज लावून सांगतो.

ज्यांच्यावर असे भाडे आधीच बसले आहे त्यांनी ते भरताना पावतीवर ‘हरकत राखून भरले’ असे लिहून घ्यावे आणि माल तयार असल्याचा फोन किंवा संदेश कोणत्या तारखेला आला ते जपून ठेवावे. तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात ती करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकील सक्तीचा नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहा. पुष्कळ दुकानदार तेवढ्यानेच ऐकतात.